टिळकवाडीतल्या बाईंचा जबाब

ती घटना आठवली की आजही सगळ्यात आधी मला माझी स्वतःची चूक आठवते. एका निरपराध माणसाला मी सकाळी अकरापासून दुपार कलेपर्यंत ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवले होते. माझ्या हातात पुरावा म्हणून होती एक बातमी आणि कागदावरचा एक अंगठा.

नावे कोणाचीच लिहीत नाही. त्या वेळी मी बेळगावातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी झाली, रात्रपाळीने डायरी सोपवली, आणि कोणीतरी टेबलावर स्थानिक वर्तमानपत्र आणून ठेवले. पहिल्या पानावर ठळक मथळा होता, ‘आजीचे घर बँकेने गिळले’. खाली पदराने डोळे टिपणाऱ्या एका वृद्ध स्त्रीचा फोटो. टिळकवाडीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला बँकेच्या अधिकाऱ्याने भुलवले, तिच्या बंगल्याच्या कागदांवर सह्या घेतल्या, आता ती रस्त्यावर येणार, असा मजकूर. नऊ वाजता तीच बातमी स्थानिक वाहिनीवर सुरू झाली. दहाला वरिष्ठांचा फोन आला. “काय करताय तुम्ही?” एवढेच त्यांनी विचारले.

साडेदहाला त्या बाईंचा मुलगा आला. पन्नाशीचा, इस्त्रीचे कपडे, बोलणे नम्र. त्याच्याजवळ कन्नडमध्ये टाईप केलेली तक्रार होती, आईच्या नावाने, आणि खाली अंगठा. “आई अंथरुणाला खिळलीय साहेब. हात थरथरतो, सही येत नाही. बोललेलंही नीट कळत नाही तिला,” तो म्हणाला. तक्रार बँकेच्या कर्ज अधिकाऱ्याविरुद्ध होती. तक्रारदार आजारी असेल तर घरी जाऊन जबाब घ्यायचा, हे मी शेकडो शिपायांना शिकवले होते. त्या दिवशी मी गेलो नाही. बाहेर कॅमेरा उभा होता, आणि मला घाई झाली होती. तक्रार दाखल करून घेतली आणि बँकेत माणूस पाठवला.

कर्ज अधिकारी स्वतःच फाईल काखेत घेऊन आला. “साहेब, फाईल बघा. सगळं त्यात आहे.”

“फाईल नंतर. बाईंना कधीपासून ओळखता?”

“निपाणीत चौथीला त्यांच्या वर्गात होतो. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. बाईंनी मला शाळा सोडू दिली नाही.”

माझा संशय याने वाढला. ओळखीचा माणूसच म्हाताऱ्यांना फसवतो, हा माझा अनुभव होता. अनुभव उपयोगी असतो, पण तो कधीकधी आपल्याला आळशीही करतो.

त्याने मला योजना समजावली. घर तारण ठेवून आपण कर्ज काढतो तेव्हा दर महिन्याला हप्ता आपण भरतो. इथे उलटे. बँक बाईंना दर महिन्याला ठरलेली रक्कम देते. घर बाईंच्याच नावावर राहते. त्या तिथे राहतात, घरपट्टी भरतात आणि घर नीट ठेवतात तोवर त्यांना कोणी बाहेर काढू शकत नाही. त्यांच्या पश्चात मुलाने सव्याज रक्कम भरली तर घर त्याचे. नाही भरली तर बँक घर विकते, आपले घेते, उरलेले वारसांना देते. याला रिव्हर्स मॉर्गेज म्हणतात.

“बँकेनं कधी कुणाला फुकट दिलंय?” मी म्हणालो.

“फुकट कुठंय साहेब? व्याज चढत जातं. मुलाला घर राहील की नाही, सांगता येत नाही. हे मी बाईंना चार वेळा सांगितलं.”

मी त्याला बाकावर बसवले. बाहेरून वार्ताहर विचारत होता, अटक कधी दाखवणार. खरे सांगायचे तर संध्याकाळी अटक दाखवायची असे मी मनात ठरवून टाकले होते. एकदा अटकेचा फोटो छापून आला की माणूस पुढे सुटला तरी गल्लीत तो चोरच राहतो. बँकेतल्या माणसाचे तर सगळेच संपते. हे मला माहीत होते.

ठाण्याचे लेखी काम एक महिला हवालदार बघायची. जांबोटीकडची, शेतकऱ्याची मुलगी, अक्षर मोत्यासारखे. तक्रार नोंदवता नोंदवता ती थांबली आणि माझ्या टेबलाशी आली.

“साहेब, ह्या बाई अंगठा देणार न्हाईत.”

“का? हात थरथरतो म्हणे त्यांचा.”

“थरथरू दे की. वाकडीतिकडी सही करतील, पर अंगठा न्हाय. आमच्या गावात होत्या त्या शाळंवर. बायकांचा वर्ग घ्यायच्या, देवळात. माझ्या आईला सही त्यांनीच शिकवली. सोसायटीत कर्जाला बायका अंगठा द्यायला लागल्या तर ह्या बाई शाईचं पॅड उचलून घरी न्यायच्या. सोसायटीचा सेक्रेटरी लई वैतागायचा. आई अजून सांगती, बाई म्हणायच्या, अंगठा म्हंजे दुसऱ्यानं लिवलेलं आपण गिळायचं.”

“नावावरून ओळखलंस?”

“नावावरनं आणि फोटोवरनं. जाऊन तरी बघा साहेब. पंधरा मिनिटांचं काम.”

हाताखालच्या माणसाने असे सांगितले की साहेबाला टोचते. मलाही टोचले. पण जीप काढली आणि तिला सोबत घेतले.

बंगल्याचे दार बाईंनीच उघडले. शहात्तर वर्षांच्या, काटकुळ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. टेबलावर तेच वर्तमानपत्र होते. त्यांनी त्यातले शब्दकोडे पेनाने सोडवले होते.

“या. उशीर केलात,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही अंथरुणाला खिळलाय असं कळलं होतं.”

“सकाळी भाजी आणलीय मंडईतून. खिळायला सवड कुठाय?” मग त्यांनी फोटोवर बोट ठेवले. “हा आमचे हे गेले त्या दिवशीचा. नवऱ्यासाठी रडले होते मी. ते रडणं यांनी बँकेच्या बातमीला लावलंय. घरातला फोटो आहे, म्हणजे कुणी दिला ते मला कळतंय.”

“वर्तमानपत्राचा माणूस आला होता का तुमच्याकडं?”

“कुणी नाही. फोनसुद्धा नाही. माझ्याबद्दल एवढं लिहिलं, पण मला विचारावं असं कुणाला वाटलं नाही. तुम्हाला तरी कुठं वाटलं?”

हवालदारबाई दुसरीकडे बघत होती.

मी तक्रार त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली. कन्नड त्यांना चांगले येत होते. वाचून झाल्यावर अंगठ्याकडे बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, “माझा नाही.”

मग कपाटातून एक वही काढली. बँकेत जाण्याआधी त्यांनी त्यात प्रश्न लिहून काढले होते. मी आजारी पडून मुलाकडे राहायला गेले तर काय? व्याजदर बदलला तर? ठरलेली वर्षे संपल्यावर मी जिवंत असले तर? प्रत्येक प्रश्नासमोर कर्ज अधिकाऱ्याने मराठीत उत्तर लिहून खाली सही केली होती. बँकेचे कागद इंग्रजीत, म्हणून हा बाईंचा हट्ट. अर्धी दुपार घालवून त्याने तो पुरवला होता. हीच पाने फाईलमध्ये होती, आणि ती फाईल मी सकाळी उघडलीसुद्धा नव्हती.

“मुलाकडं मागता आलं नसतं का?” मी विचारले.

“मागत होते की. खासगी संस्थेच्या शाळांत गेली सगळी नोकरी, पेन्शन नाही. तो द्यायचा, नाही म्हणत नाही मी. पण देताना विचारायचा, मागचे कशाला लागले? औषधाला लागले, दुधाला लागले. दर महिन्याला वर्गाबाहेर उभं राहिल्यासारखं वाटायचं. घर आम्ही दोघांनी बांधलं. ते मला पोसायला तयार असताना मी हात का पसरायचा?”

ठाण्यात चला म्हटल्यावर त्या साडी बदलून आल्या. आत पाऊल ठेवताच कर्ज अधिकारी बाकावरून उठला.

“बस रं. जेवलास का?”

“नाही, बाई.”

बाईंनी माझ्याकडे फक्त बघितले. मी डबा मागवला.

त्यांना शेजारच्या खोलीत बसवून मी मुलाला बोलावून आत घेतले. चौकशीत ओरडून काही मिळत नाही. माणसाला साधी, लहान माहिती विचारायची. खोटे बोलणारा मोठी गोष्ट पाठ करून येतो, लहान गोष्टी राहून जातात.

“अंगठा कुठं घेतला आईचा?”

“घरी, पलंगावर.” माझा प्रश्न संपण्याआधीच उत्तर आले.

“पॅड कुणी आणलं?”

“मीच.”

“कुठल्या हाताचा अंगठा?”

तो थांबला. “डाव्या... नाही, उजव्या.”

“शाई कशानं पुसली?”

तो आपल्याच बोटांकडे बघू लागला. मी हवालदारबाईला पॅड आणायला सांगितले आणि त्याला म्हणालो, “तुमचा ठसा घेऊ. ठसेतज्ज्ञ दोन्ही ताडून बघतील. तोवर तुम्हीच सांगितलंत तर बरं.”

त्याने कबूल केले, अंगठा त्याचाच होता. एका बिल्डरला त्याने शब्द दिला होता, बंगल्याच्या जागी फ्लॅट. वार्ताहर त्याच्या बसण्याउठण्यातला. बातमी आली की बँक घाबरून कागद रद्द करेल, असा त्याचा अंदाज. आईची सही काढणे त्याला जमले नसते, म्हणून अंगठा. आईने आयुष्यभर कशाविरुद्ध काम केले, हे ज्याला त्याच घरात वाढून माहीत असायला हवे होते, तोच ते विसरला.

शेवटी तो रडवेला झाला. “लोक काय म्हणतात माहितीय साहेब? पोटचा पोरगा असताना आईनं घर बँकेला दिलं. तोंड कुठं दाखवू?” यातले दुःख खोटे नव्हते. पण त्या दुःखापायी त्याने दुसऱ्याच्या पोराला तुरुंगात घालायची तयारी केली होती.

मी बाईंना सगळे सांगितले. आई मुलाविरुद्ध बोलत नाही, हेही मी अनेकदा पाहिले होते. म्हणून म्हणालो, “बाई, तुमचा जबाब लागेल. विचार करून उद्या दिलात तरी चालेल.”

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग हवालदारबाईला म्हणाल्या, “घे गं लिहून. आणि आई म्हणून सांगते असं लिहू नकोस. घरमालक म्हणून सांगते असं लिही.”

दोन पाने जबाब झाला. प्रत्येक पानावर त्यांनी सही केली. हात खरोखरच थरथरत होता. पूर्ण नाव लिहायला वेळ लागला, आम्ही थांबलो. खोट्या तक्रारीचा गुन्हा मुलावर नोंदवला गेला. कर्ज अधिकारी त्याच दिवशी आपल्या घरी गेला. मी त्याची माफी मागितली. ठाण्यात सगळ्यांसमोर मागितली, कारण बसवले होते सगळ्यांसमोर.

वर्तमानपत्राने खुलासा छापला, पण आतल्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली चार ओळी. बाई तो अंक घेऊन थेट संपादकांकडे गेल्या. “खोटं जिथं छापलं, खरं तिथंच छापा,” म्हणाल्या. एकदा नाही ऐकले, पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला त्यांचे पत्र पहिल्या पानावर आले. त्यात बँकेची तारीफ नव्हती. ही सोय प्रत्येकासाठी नाही, व्याज वाढत जाते, मुलांना आधी सांगा, कागद आपल्या भाषेत समजून घेतल्याशिवाय सही करू नका, असे त्यांनी सरळ लिहिले होते. त्या विषयावर मी वाचलेल्या बातम्यांत म्हातारी माणसे एकतर बिचारी असतात नाहीतर जाहिरातीत हसत असतात. विचार करून निर्णय घेणारे म्हातारे माणूस मी छापलेले पाहिले ते त्या पत्रात.

या प्रकरणाने मला एक नियम शिकवला. त्यानंतर वृद्ध माणसाच्या वतीने कोणीही आले, मुलगा असो की पुढारी, मी त्याला बाहेर बसवत असे आणि आधी त्या वृद्धाला भेटत असे. ठाण्यापर्यंत येता येत नसेल तर मी जात असे. ही दयेची बाब नव्हे. म्हातारपणी माणसाचा गुडघा जातो, कान जातात, पण आपल्या घराविषयी बोलायचा हक्क जात नाही. तो आपण काढून घेतो, बहुतेक वेळा काळजीच्या नावाखाली. त्या दिवशी सकाळी मी तेच केले होते.

निवृत्तीनंतर मी कधीमधी टिळकवाडीत जातो. बाई त्याच घरात राहतात. कोर्टाने केलेला दंड भरून झाल्यावर मुलगा वर्षभर फिरकला नव्हता. आता तो रविवारी येतो. पूर्वी त्याच्याकडे घराची किल्ली असायची. ती बाईंनी परत मागून घेतली. आता तो बेल वाजवतो आणि त्या येऊन दार उघडेपर्यंत बाहेर थांबतो.