गौराक्काची सुरी-परीक्षा

गौराक्का कुणाच्याही घरी गेली की चहाआधी सुरी मागायची. "दाव बगू तुजी सुरी," म्हणत थेट स्वयंपाकघरात. सुरी हातातून हातात घ्यायची नाही, खाली ठेवायला लावायची. नाहीतर भांडण होतं म्हणे. मग पात्यावर नखाने टिचकी मारून कान लावायची.

नवी पेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून तिची खोली. एकटीच राहायची. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची आणि दोन्हींत भांडायची. चकचकीत स्टीलच्या सुऱ्यांवर तिचा भारी राग. "लिंबू कापल्यावर काळं पडतंय ते खरं पोलाद. ह्यात नुसतं तोंड बगा!" पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलंय का, खिळे पक्के आहेत का, हेही ती बघायची. "पातं मुठीत अर्ध्यावर संपलं की सुरी बी अर्ध्यावर सोडती, नोडव्वा, बग बाई."

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर वडिलांनी ताईसाठी स्थळं बघायला घेतली. आई नव्हती, म्हणून मुलाचं घर बघायला जाताना ते गौराक्काला आणि मला बरोबर न्यायचे. एक स्थळ कापड दुकानवाल्यांचं. माडी, पंखे, रेडिओ. वडील तर हरखूनच गेले. आम्ही दोघी आत गेलो. थोरली सून कांदे चिरत होती. सुरी नवीकोरी, पण मूठ चिंधीने बांधलेली, आणि सुनेच्या तळव्यावर जुने-नवे काप.

"कदीपासनं हलतीय?" गौराक्काने विचारलं.

"मागल्या दिवाळीपासनं."

"सांगितलं न्हाईस?"

सुनेने दाराकडे बघितलं. "सांगितलं की," ती हळूच म्हणाली.

रस्त्यात गौराक्काने नकार सांगितला. वडील भडकले. "सुरीच्या मुठीवरून सोयरीक मोडायची? लोक शेण घालतील तोंडात!"

"घालू देत की. पोरीला हितं द्यायची न्हाय."

वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पण ताईनेच 'मला तिथं नको' म्हटलं आणि विषय मिटला. पुढचं स्थळ अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातल्या जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याचं. दोन खोल्यांचं घर. वडील नाइलाजानेच गौराक्काला घेऊन निघाले. तिथे तिने सुरी मागितली, तर हिचीही मूठ हलत होती! मी गौराक्काकडे बघितलं.

मुलाची आई म्हणाली, "आज सकाळीच ढिली झाली बगा. ए, तुला सांगितलं व्हतं न्हवं?"

"व्हय की, इसरलोच," म्हणत नवरामुलगा उठला, हातोडी आणली आणि इस्त्रीच्या पँटीतच पाहुण्यांसमोर उकिडवा बसून खिळा ठोकायला लागला. बशीतला चहा निवला. वडिलांनी कपाळाला हात लावला.

"दादा, तारीख धरा," गौराक्का वडिलांना म्हणाली.

लग्न झालं. पहिल्या सणाला ताई माहेरी आली, अंगाने भरलेली, हसरी. तिने गौराक्काला विचारलं, "अक्का, सुरीवरून माणसं कळतात, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

गौराक्काने डावा हात पुढे केला. तिचं एक बोट मिटत नसे. ते जन्मापासूनच तसं असावं, असं आम्ही धरून चाललो होतो.

"मूठ हलतीय म्हणून मी बी सांगत हुते की," ती म्हणाली. "लई वरसं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ताईने तो हात दोन्ही हातांत धरला, आणि मला रडू आवरेना.