बाहेर पडायची वेळ

सिंगापुरात जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात उल्हासमामा सेफ्टी ऑफिसर होते आणि नोंदवही म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आत येणाऱ्याने नाव, साहेबाचं नाव, आत यायची वेळ आणि बाहेर पडायची वेळ लिहायची, मग तो कोणी का असेना. टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये पाहुणे आले तरी मामांचा हात आधी पेनाकडे जायचा आणि शैलामामी कपाळावर हात मारून घ्यायच्या.

२००६ साली कंपनीने काँगोतल्या एका कोबाल्टच्या खाणीत भागीदारी घेतली. वर्षभरासाठी तिकडे जाणाऱ्या इंजिनियरांत मामांकडेच राहणारा त्यांचा भाचा धवल होता. पगार दुप्पट, त्यामुळे पोरगं हवेत! जागा सुरक्षित आहे असं लिहून देण्याचं काम मात्र मामांवर आलं. त्यांना आठ दिवस तिकडे धाडलं.

धावपट्टीपासून खाणीपर्यंत तीन नाकी लागली, तिन्हींवर बंदूकधारी. दुसरा कोणी अंग चोरून बसला असता. आमच्या मामांना ते सरकारी पहारेकरी वाटले आणि इथे नोंदवहीच नाही म्हणून त्यांचं डोकं तापलं. प्रत्येक नाक्यावर खाली उतरून त्यांनी आपली वही पुढे केली. ड्रायव्हर कालोंजीला घाम फुटला. पण बंदूकवाले पोट धरधरून हसले आणि ऐटीत नावं लिहून मोकळे झाले. नियम तो नियम, म्हणून मामांनी कालोंजीलाही लिहायला लावलं.

खाणीवर पोचून मामांनी वही चाळली. तीन नाक्यांवर साहेबांची नावं तीन निराळी होती.

"हे सरकारी नाहीत. तिघं एकमेकांचे वैरी आहेत," कालोंजी म्हणाला. "तुम्ही बाहेरचे लोक आलात, खाणीचा भाव वाढला. आता तिघांनाही ती हवी आहे."

परतताना कालोंजीने त्यांना धावपट्टीवर सोडलं. मामांनी आपली बाहेर पडायची वेळ लिहिली. कालोंजीचा रकाना रिकामाच राहिला, कारण त्याचं घर आतच होतं.

"तो भाग सरकारच्या ताब्यात आहे, कागद आहेत. सही करून टाका लाह!" सिंगापूरचा मॅनेजर तिथल्या हेलात म्हणाला. मामांनी वही दाखवली आणि सही केली नाही, म्हणून इंजिनियरांचं जाणं अडलं. नोकरी जायची भीती होतीच, पण धवलने अबोला धरला ते जास्त लागलं.

दोन महिन्यांनी नाक्यावाल्यांची आपसात जुंपली. खाणीवरचे दोन परदेशी साहेब विमानाने सुखरूप सुटले. कालोंजीचा फोन लागेना. मामा रोज लावत राहिले.

धवल त्यांच्याजवळ येऊन बसला.

"मामा, चुकलं माझं. पण तो सुटला असेल हो. लिहून टाका ना काहीतरी वेळ."

मामांनी वही छातीशी धरली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"माणूस बाहेर आल्याशिवाय वेळ लिहायची नसते रे," ते म्हणाले आणि पुन्हा नंबर लावू लागले.