बायकोच्या स्कूटरची फ्रेम

माझ्या बायकोच्या एका पायात लहानपणापासून बळ नाही, म्हणून तिच्या स्कूटरला मागे दोन जास्तीची चाकं लावलेली आहेत. त्या स्कूटरवर ती कित्येक वर्षं महादेवपुऱ्यातल्या ऑफिसला एकटी जायची. माझा वाटा एवढाच, की दर रविवारी मी पाइप लावून स्कूटर धुवायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती चमक दाखवायचो.

गेल्या महिन्यात मेकॅनिकने सीट काढून फ्रेमवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो सरळ आत गेला.

"कोण धुतं हो ही?" तो म्हणाला. "पाणी आत साचून फ्रेमची नळी गंजून सडलीये."

मी कौतुक ऐकायला पुढे काढलेली मान मागे घेतली.

"अण्णा, स्वल्प, थोडंसं वेल्डिंग करून भागेल ना?" मी विचारलं. फ्रेम बदलायची म्हणजे आरटीओचे कागद आले, आणि ते होईपर्यंत स्कूटर बंद.

"भागेल की. चालवणार कोण, तुम्ही?"

बायको भिंतीला धरून उभी होती. "अहो, वाटेत मोडली तर तुम्ही उडी माराल. मला नाही मारता येत," ती म्हणाली. "बदला फ्रेम."

कागद अजून आलेले नाहीत. रोज सकाळी मी तिला माझ्या बाइकवरून सोडतो आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा पोचतो. परवा ऑफिसच्या गेटपाशी ती एकटीच उभी होती, बाकी सगळे निघून गेले होते. मी सॉरी म्हटलं. मागे बसायला तिला माझ्या खांद्याचा आधार घ्यावाच लागतो, तोही तिने जरा थांबून घेतला.