भिंतीवरची कोरी शिळा

टाकीअण्णा. जन्म सन १९४३, मृत्यू सन २०१४. व्यवसाय पाथरवटाचा. उमेदीची सर्व वर्षे त्यांनी छत्रीसैनिकांच्या एका निवडक तुकडीच्या स्मारकात, कामी आलेल्या जवानांची नावे काळ्या दगडावर कोरण्यात घालवली. वृत्तीने मितभाषी, अक्षर देखणे, जेवण वेळच्या वेळी. त्यांचे दुर्दैव एकच होते: वाईट बातमी त्यांना सर्वांच्या आधी कळत असे.

याचे कारण कामाच्या रीतीत होते. तुकडी मोहिमेवरून परतली की आठवड्याच्या आत मानवंदना व्हावी आणि त्या वेळी नावे भिंतीवर असावीत, असा तिचा कडक शिरस्ता होता. परंतु खाणीतून आलेली शिळा हाताने घासून, घोटून आरशासारखी करायची तर महिना लागतो. म्हणून जोखमीची मोहीम ठरली की स्मारकालगतच्या संग्रहालयाचे व्यवस्थापक, एक निवृत्त कप्तान, मागच्या अंगणात येत, छडीने एका शिळेवर टकटक करत आणि म्हणत, "अण्णा, ही घ्या घोटायला." कोण जाणार, कुठे जाणार, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि अण्णांनी कधी विचारले नाही. कुंपणापलीकडच्या छावणीत जवान हसतखिदळत चेंडू खेळत असत, आणि अलीकडे अण्णा त्यांच्यासाठी दगड घोटत असत.

लेकीने याच तुकडीतल्या एका जवानाशी लग्न करायचे म्हटले, तेव्हा अण्णांनी विरोध केला. कारण मात्र त्यांच्या तोंडून निघेना, आणि कारणावाचूनचा विरोध कोणती लेक मानते? जावई निघाला लाघवी. घरात आला की सासऱ्याची फिरकी घेतल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

"अण्णा, माझं नाव केवढं लांबलचक! कोरता कोरता तुमची टाकी बोथट व्हायची. त्यापेक्षा मी म्हातारा होऊनच मरतो, तुमचे कष्ट वाचतील."

"जेवताना अभद्र बोलू नये," अण्णा म्हणत आणि भाताकडे बघत राहत.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर कप्तानसाहेब अंगणात आले. छडी वाजली ती सर्वांत मोठ्या शिळेवर. एरवी ते लगेच परतत; त्या दिवशी उभे राहिले, आणि अण्णांच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "ही जरा लवकर करा." अण्णांच्या मनात पाल चुकचुकली.

घोटताना दगडाची काळी राड नखांत जाऊन बसते आणि साबणाला दाद देत नाही. त्या संध्याकाळी बाळंतपणाला माहेरी आलेली लेक ताट वाढत होती. तिला सातवा महिना होता.

"बाबा, हात बघू."

"हाताला काय झालंय?"

"बघू म्हणते ना!" तिने नखे पाहिली. "दगड घ्यायला सांगितला का कप्तानसाहेबांनी?"

"छे गं. जुनाच एक उजळतोय."

"खोटं बोलताना तुम्ही मिशी चोळता, बाबा."

अण्णांनी मिशीवरचा हात खाली घेतला. लेकीने वाढलेला भात पुन्हा पातेल्यात घातला, मग भानावर येऊन पुन्हा वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी जन्मात केले नव्हते ते केले. घण उचलला आणि अर्धवट घोटलेल्या शिळेच्या मधोमध घातला. शिळा नाही तर नाव नाही, आणि नाव नाही तर मरण नाही. असला हिशेब एरवी त्यांनी हसण्यावारी नेला असता. पण जिवावर बेतले की शहाणा माणूसही बुडत्याची काडी धरतो.

कप्तानसाहेबांनी तुकडे निरखून पाहिले. "फुटली?"

"हात निसटला, साहेब."

"तुमचा?" त्यांनी छडीने एक तुकडा उलटा केला. "असू दे. दगडांना काय तोटा, अण्णा!"

आठवडा उलटायच्या आत यंत्रावर घोटलेली, तयार शिळा मालमोटारीतून येऊन अंगणात उतरली. पाठोपाठ तुकडी निघाली. जावई निघताना कुंपणाशी थांबून ओरडला, "अण्णा, टाकीला धार लावू नका बरं का!" अण्णांनी हात वर केला, तो खाली घ्यायचे त्यांना सुचेना.

तुकडी परतली ती गुपचूप. मानवंदना झाली नाही. चेंडूचा आवाज बंद झाला. अण्णा टाकी, हातोडी मांडून वाट पाहत बसले, आणि अखेर कप्तानसाहेब रिकाम्या हाताने आले.

"नावं, साहेब?"

"नावं नाहीत. मोहीम झालीच नाही, असं वरून कळलंय."

"मग माझा जावई कुठाय?"

कप्तानसाहेबांनी छडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "शिळा भिंतीत बसवून टाका, अण्णा. कोरीच."

अण्णांनी ती ओळंबा लावून बसवली. कामात कसूर त्यांना ठाऊक नव्हती. पण आपणच दगड फोडला म्हणून जावयाच्या नावाला ना घर राहिले ना भिंत, हा सल त्यांच्या काळजातून अखेरपर्यंत निघाला नाही. लेक दर आठवड्याला येई, कोऱ्या दगडात आपला चेहरा बघे आणि विचारी, "कोरलं नाही ना अजून?" ते म्हणत, "नाही." ती म्हणे, "मग येतील." त्यावर "येतील की," म्हणत अण्णा मिशी चोळत.

अण्णांच्या पश्चात संग्रहालयाने त्यांची हत्यारे काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी मागितली. लेकीने ती पुसून दिली. नावे कोरायची बारीक टाकी तेवढी स्वतःकडे ठेवली. नवे व्यवस्थापक घरी आले. म्हणाले, "ताई, पेटीतली एक खाच रिकामी दिसते. बरं दिसत नाही."

"आणि भिंतीवरची दिसते वाटतं बरी?" ती म्हणाली. "ते परत आलेत की गेलेत, एवढं मला लिहून द्या. ही टाकी घेऊन मी स्वतः येते."

व्यवस्थापकांनी वर विचारतो म्हटले. उत्तर अद्याप आलेले नाही. टाकी तिच्या घरी आहे, आणि तिची धार तशीच आहे.