मामांच्या कपाळातली धाकटी बहीण

आमच्या हिच्या मामांइतकी माणसाला त्याच्याच अंगाची भीती घालणारी व्यक्ती उज्जैनमध्ये दुसरी नाही. आणि ज्या गावात भैरवाला दारूचा नैवेद्य लागतो, तिथे हे म्हणणं सोपं नाही. कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांचा उभा जन्म गेला. बेडूक संपले, नोकरी संपली, शिकवणं काही संपलं नाही. टावर चौकात पोहे खाताना कुणा अनोळखी माणसाच्या ओठाच्या कोपऱ्यावर पुरळ दिसलं, की मामा प्लेट खाली ठेवतात, खिशातलं बॉलपेन काढून त्याच्या ओठापासून कानापर्यंत हवेत रेघ ओढतात आणि हलक्या आवाजात सांगतात, "यहाँ अंदर, नसों की गाँठ में सोता है. बुखार आया, धूप लगी, कि उठके होंठ तक आता है. फिर वापस. ज़िंदगीभर." एक गृहस्थ तर जलेबी तशीच टाकून पळाले होते.

मला त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात, श्रीखंड वाढता वाढता गाठलं. "जावईबापू, विषाणूला पाय नसतात हं. तो कातडीतून नसेच्या टोकात शिरतो, अंगरखा तिथेच टाकतो, आणि मग आपलेच हमाल त्याला खांद्यावर घेऊन पार मुळापर्यंत पोचवतात. बिचाऱ्यांना पता पण नसतो काय उचललंय. तुम्हाला कांजिण्या आल्या होत्या ना लहानपणी? मग तुमच्यातही आहे. कण्याजवळ. निजलंय." घरात तान्हं मूल झोपलेलं असावं, तसा त्यांचा आवाज उतरला होता. मी पुढे आठवडाभर पालथा झोपलो.

गेल्या उन्हाळ्यात नानाखेड्याच्या घरून मामींचा फोन आला, ताबडतोब या. मामांच्या कपाळावर नागीण उठली होती. उजव्या भुवईपासून केसांपर्यंत फोड, आणि मधोमध कुणी रेघ आखून दिल्यासारखे थांबलेले. डावीकडे एकही नाही. पापणी सुजली होती. तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू करा, नाहीतर डोळा जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसरा दिवस संपत आला होता आणि गोळ्यांचं पाकीट फोडलेलंही नव्हतं. जगाला घाबरवणारा हा माणूस खुर्चीत डोळे मिटून, आतलं काही ऐकत असल्यासारखा बसला होता.

"मामा, हा काय हट्ट?"

"हट्ट नाही. मी सात वर्षांचा होतो. धाकट्या बहिणीला छोटी माता आली, म्हणजे कांजिण्या. तिला कडुनिंबाच्या पाल्यावर वेगळं निजवलं होतं, मला तिकडे जायची बिलकुल मनाई. मी गेलो. तिच्याजवळ निजलो. मलाही आली. ही नागीण म्हणजे तीच माता, तिच्याकडून आलेली. पुढच्या वर्षी ती टायफॉइडने गेली. फोटो नाही, फ्रॉक नाही, काही म्हणजे काही नाही. इतकी वर्षं आत होती, आज वर आली. आणि मी तिला औषध घालून मारू?"

मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी डॉक्टरांना फोन लावला आणि मामांसमोर धरला.

"अरे सर," डॉक्टर म्हणाले, "दवा से वो मरता कहाँ है? गाँठ में बैठा हुआ कभी नहीं निकलता, ये तो प्रैक्टिकल में आप ही ने पढ़ाया था. वापस जाकर सो जाएगा, बस."

"पक्का?"

"पक्का, सर."

मामांनी हात पुढे केला. "पाणी आण गं," आत पाहून ते म्हणाले. मग पाकीट त्यांनी स्वतःच फोडलं.

डोळा वाचला. गोळी घेतली त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी आईला साताऱ्याला फोन केला आणि विचारलं, मला कांजिण्या कुणाकडून आल्या होत्या? आई हसली. "काहीतरीच विचारतोस! गल्लीतली तुम्ही आठ-दहा पोरं दिवसभर एकत्र. आता कुठलं आठवायला?"

मी त्या पोरांची नावं आठवत बसलो. त्यांतली तिघं आता नाहीत. कुणाचं माझ्यात निजलंय, हे सांगू शकेल असं कुणी नाही.