विचारणारं कोणी नव्हतं

मी पुण्याहून नोएडाला आले ती टीव्हीच्या एका कारखान्यात सेल्सची नोकरी धरून. एका घराच्या गच्चीवरची खोली भाड्याने मिळाली. खाली घरमालकीण एकट्याच राहायच्या. नवरा वारलेला, मुलगा कॅनडात. आसपासचे निम्मे प्लॉट अजून रिकामेच होते. दिवसभर ऑफिसात हिंदी-इंग्रजी. मराठी फक्त रविवारी, एसटीडी बूथवरून आईशी, तेही मागे माणसं ताटकळत उभी असताना.

तेव्हा परदेशी सल्लागार कंपन्या दिल्लीच्या आसपास नवी ऑफिसं थाटत होत्या. गुडगावच्या अशाच एकीने मला मुलाखतीला बोलावलं. त्यांची पद्धत निराळी. समोरचा माणूस एखाद्या धंद्याची अडचण सांगणार, आपण तिची फोड करत मूळ कारणापर्यंत पोचायचं. याचा सराव जोडीने करतात, एकाने विचारायचं, दुसऱ्याने सोडवायचं. मला जोडीदार कुठला? संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारत मीच विचारायची, मीच सोडवायची. नफा का घटला? विक्री कमी झाली की खर्च वाढला? विक्रीच असेल तर भाव उतरला की माल कमी खपला? असं मोठ्याने बोलत राहिलं की बरं वाटायचं. घरात माणसं असल्यासारखं.

मुलाखत घेणारे चाळिशीचे, शांत गृहस्थ होते. म्हणाले, "एका बिस्किट कंपनीचा नफा घसरतोय. का, ते शोधा."

मी कागदावर रेघा मारून विक्री, खर्च, भाव, खप सगळं मांडलं. वाढलेला खर्च हेच कारण असावं असं धरून उपायही सांगून टाकले.

"मांडणी छान आहे," ते म्हणाले. "पण खर्च वाढलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी माझ्या कागदावरच्या रेघा पुन्हा पाहू लागले.

त्यांनी हातातला कागद माझ्याकडे वळवला. त्यावर सगळं होतं. खर्च जसाच्या तसा, खप फक्त उत्तरेत घटलेला. "हे मी तुम्हाला सांगायलाच बसलो होतो. तुम्ही मला काही विचारलंच नाहीत."

बसमध्ये खिडकीशी बसून मी रडले. नोकरी हुकली म्हणून नव्हे. समोर बसलेल्या माणसाला काही विचारता येतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

घरमालकिणींनी दारातच अडवलं. "क्या हुआ, बेटा?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो मैं बैठ जाती हूँ ना सामने."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसू लागलो. मी एक अडचण आणि तिची माहिती लिहून द्यायची. ती आठवडाभराने सोडवायला घ्यायची, तोवर माझी मीच विसरलेली असायची. मी विचारीन तेवढंच सांगायचं, असं ठरलं होतं. त्यांना ते कधीच जमलं नाही. मी पहिला प्रश्न विचारला की त्या चष्मा सारखा करून सगळा कागद वाचून दाखवायच्या.

"आंटी, सब नहीं बताना था!"

"अरे, तू परेशान हो रही थी. देखा नहीं गया."

मग चहा व्हायचा. त्या मुलाच्या बर्फातल्या घराबद्दल बोलायच्या. ते त्यांनी फोटोतच पाहिलं होतं.

पुढे दुसऱ्या एका कंपनीच्या मुलाखतीत मी पहिलाच प्रश्न विचारला, "हे कधीपासून घडतंय?" आणि उत्तर ऐकून घेतलं. नोकरी मिळाली. गुडगावला राहायला जावं लागलं.

निघताना घरमालकिणींनी लोणच्याची बरणी दिली आणि महिन्यातून एकदा तरी ये म्हणाल्या. मी दोनदा गेले. मग कामाचे दौरे सुरू झाले, आणि एका दिवाळीत फोन केला तेव्हा कळलं, मुलगा त्यांना घेऊन गेला होता. फोनवर नवा भाडेकरू होता. त्याला त्यांच्याबद्दल याहून जास्त काही माहीत नव्हतं.

नव्या फ्लॅटमध्ये लिफ्ट होती, चोवीस तास वीज होती. शेजारचे दोन्ही दरवाजे कुलूपबंद असायचे. आल्यावर मी आधी टीव्ही लावायची, मग चपला काढायची.