पिळून टाकलेलं औषध

शेळीच्या पोटातले जंत कमी व्हावेत म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं औषध मी स्वच्छ धुतलं, पिळलं, त्यातलं औषध पार काढून टाकलं आणि मग ते शेळीला खाऊ घातलं. रोज, मन लावून. तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि बचत गटातल्या बायका माझा सल्ला घ्यायला यायच्या. नातवंडांना वाटतं आजी रचून सांगते. एवढं रचण्याइतकी अक्कल तेव्हा असती तर काय पाहिजे होतं.

शेळी माझ्या माहेरची. माळशिरसकडच्या आमच्या घरात चमच्यापासून बैलापर्यंत सगळ्यावर सासूबाईंचा शब्द चालायचा. ही काळी, पांढऱ्या कानांची शेळी तेवढी माझी. ती गाभण होती आणि वाळत चालली होती. केस उभे राहिलेले, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागलेली. खालची पापणी ओढून बघावी तर आत कागदासारखं पांढरं. जंत रक्त पीत होते. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, "माहेरचं जित्राब हाय तुझं. नुसती हवा लागली तरी वाळतंय." मला त्या शेळीला नुसतं जगवायचं नव्हतं, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत गुबगुबीत करायचं होतं.

जंताचं औषध पाजून पाजून मी कंटाळले होते. अर्धं औषध ती माझ्या पदरावर उडवायची आणि पोटात गेलेल्या अर्ध्याचा काही उपयोग होईना. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "सारखं तेच पाजून जंत त्याला सरावलेत. आता बाभळीचा पाला आणि शेंगा द्या. रोजच्या चाऱ्याबरोबर, बेतानं, गाभण आहे ती. आणि कॅनॉलकडच्या ओल्या गवतात चारू नका, जंत तिथूनच पोटात जातात." ते पुढंही काही सांगत होते. पण बाभळीचं मला काय शिकवायचं, म्हणून मी उठलेच.

घरी येऊन एक शेंग चावून बघितली. जीभ टाळ्याला चिकटली. इतकं तुरट हे मुकं जनावर खाणार कसं? आमच्याकडं कारलं मीठ चोळून, पिळून, कडू पाणी टाकून मगच फोडणीला जातं. त्याच हातानं मी शेंगा आणि पाला चेचून रात्रभर भिजत घातला. सकाळी ते चहासारखं लाल पाणी कढीलिंबाच्या बुडाशी ओतलं, पुन्हा धुतलं, घट्ट पिळलं आणि राहिलेला चोथा शेळीपुढं ठेवला. एरवी बाभळीखालून जिला दोरी ओढून आणावं लागायचं, तिनं तो हुंगून तोंड फिरवलं. तरी मला कळलं नाही. मी त्याला गूळ लावला.

पापणी पांढरी ती पांढरीच. मी डॉक्टरांवर चिडले, बाभळीवर चिडले, शेळीला तर माहेरची असूनही नको नको ते बोलले. पिठाच्या गिरणीत बायकांना सांगून टाकलं, या डॉक्टरला काही कळत नाही. शेवटी शेळीला घेऊन भांडायलाच गेले.

"कसं देता?" त्यांनी विचारलं. मी अभिमानानं सगळी कृती सांगितली.

"पाणी टाकून देता?"

"मग? केवढं तुरट असतं ते."

डॉक्टरांनी शेळीची पापणी ओढून बघितली. "मावशी, जंतांना तो तुरटपणाच सोसत नाही. तोच तुम्ही ओतून दिलात."

रक्त फार कमी झालं होतं, म्हणून त्यांनी दुसरं औषधही पाजलं. मी ओलं गवत सोडलं, बाभळीच्या फांद्या तशाच टांगल्या. ती आधाशासारखी खाऊ लागली. पापणीत हळूहळू गुलाबी आलं. गुण त्या औषधाचा की बाभळीचा, आजही सांगता यायचं नाही. माझा नव्हता, एवढं नक्की. व्याली तेव्हा एकच करडू झालं, तेही मांजराएवढं. माझ्या चोथ्याच्या दिवसांत पोटात उपाशी राहिलेलं. पण शेळी उठून उभी राहिली आणि तिनं त्याला पाजलं.

त्या दिवशी माझ्या सगळ्या रागाचा मालक मला सापडला, ती मीच होते. सासूबाई करडाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रोज सकाळी बघत हुते की मी. म्हनलं, कढीलिंबाला जंत झाल्यात वाटतं."

"मग सांगायचं नाही?"

"तू कुनाचं ऐकतीस व्हय?"

मी तणतणत चुलीपुढं बसले आणि कारलं चिरून त्याला मीठ चोळायला घेतलं. मागून सासूबाई आल्या, माझ्या हाताकडं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज कारलं पिळू नगंस. आमच्याबी पोटात जंत असत्यात की."